उजवा दिवा

मे उजाडला, तरी सुपीरियरच्या काठाला बर्फ.
मिनीव्हॅनची मागची सीट काढली तर खाली
दोन खडू, एक दुधाचा दात.
ऐनो पाठीवर सरपटत गाडीखाली शिरली,
हुकचे बोल्ट आवळले. गंज पापण्यांवर.

पुस्तक म्हणतं साडेतीन हजार पौंड ओढेल.
होडी सातशे, रेयोच्या नांगरासकट.

साखळ्या दांड्याखालून फुलीसारख्या अडकवायच्या,
म्हणजे निसटला तरी दांडा रस्त्याला टेकत नाही.
हे त्यानंच शिकवलेलं, चिडून.

राहिले दिवे.
ब्रेक दाबला की मागून "लागला!" ओरडायला
तो असायचा, हातात कॉफी.

तिनं होडी गॅरेजच्या दाराशी उलटी रेटली,
ब्रेक दाबला, आरशात पाहिलं.
दाराच्या काचेत डावा लाल.
उजवा नाही.

"लागला," ती म्हणाली तरीही,
आणि वायर शोधायला खाली उतरली.