दोन खांब चालायचं, एक खांब पळायचं

पिंपळखुट्याच्या सबस्टेशनपासून धरणाच्या पंपापर्यंत
ही लाईन ओढली तेव्हा मी होतो.
एकशे बारा खांब.
कोणता कलतो, कोणत्यावर कोतवाल बसतो,
कोणत्याच्या ताणाला म्हैस अंग घासते,
मला विचारा.

म्हणून अमरावतीच्या भोंगाडे मॅडम म्हणाल्या,
"दोन मिनिटं चाला, एक मिनिट पळा, घड्याळ लावून,"
तेव्हा मान हलवली,
पण मनात म्हटलं, घड्याळ कशाला,
खांब आहेत.

गेल्या वर्षी मॅडम नव्हत्या.
खांबावर चढताना धाप लागली,
खाली दमडू झोला धरून हसला,
त्या हसण्यावर मी पळायला निघालो, शेहेचाळिसाव्या वर्षी,
कंपनीचे बूट घालून.
दुसऱ्याच दिवशी भरतीची पोरं पुढं गेली
आणि मला काय झालं कोणास ठाऊक,
एकसष्ट नंबरपर्यंत त्यांच्या पाठीला पाठ लावली नाही.
बासष्टला पोटरीत
जंपर तुटावा तसा आवाज आला.
मलाच आला. बाकी सगळीकडं संत्र्याच्या बहराचा वास,
आणि मी डांबरावर बसलेलो.

वनमालानं एरंडीची पानं शेकून बांधली.
बोलली काहीच नाही, तीन महिने.
ते पोटरीपेक्षा जड गेलं.

आता परमिट घेतो.
परमिट न घेता तारेला हात लावणारे
दोन जण मी खाली उतरवले आहेत, मला शिकवू नका.
सकाळी खाटेवरून पहिलं पाऊल फरशीवर टाकतो,
तेच परमिट.
टाच मुकाट राहिली तर लाईन बंद, काम करा.
कळ आली तर लाईन चालू आहे,
आल्या पावली चहा.

पहिला आठवडा लाज वाटली.
तुऱ्हाट्या नेणारी बैलगाडी पुढं निघून जायची,
गाडीवाला विचारायचा, "काऊन बाप्पा, कोनाले शोधून रायला?"
दुसऱ्या आठवड्यात त्यानं विचारणं सोडलं.
तिसऱ्यात बैलानं सुद्धा वळून पाहिलं नाही.
पाचव्यात दोन खांब पळालो, एक चाललो,
आणि घरी येऊन कोणाला सांगितलं नाही.

चौतीस नंबरला निकिता धुर्वे बसली होती,
बूट काढून, नडगी चोळत.
गावातली सगळ्यात वेगवान पोर.
"काका, वीस दिवस रायले भरतीले."
मी विचारलं, "लांबलांब दुखते का एकाच जागी?"
तिनं बोट ठेवलं.
एकच बोट. रुपयाएवढी जागा.

मॅडमनी नेमकं हेच विचारलं होतं मला,
आणि मी सगळ्या पोटरीवर हात फिरवला तेव्हा
म्हणाल्या होत्या, बरं आहे, नशीब.
एक बोट ठेवलं असतं तर काय,
ते मी तेव्हा विचारून घेतलं होतं.

"उद्या अमरावतीले चाल. माही गाडी हाये."
"अन् थांब म्हटलं त?"

वर तारा गुणगुणत होत्या.
अकरा हजार व्होल्ट, बाहेरून काही दिसत नाही.
मला उत्तर आलं नाही.
माझ्या पुढं भरती नव्हती, वीस दिवस नव्हते,
माझ्या पुढं फक्त पुढचा खांब होता,
तो कुठं जात नाही.

तिनं बूट घातले.
लेस बांधली, सोडली, पुन्हा सैल बांधली.
पळत निघेल म्हणून मी रस्ता सोडून उभा राहिलो.
ती चालत आली माझ्या बाजूनं,
पस्तीस, छत्तीस,
सदतीसला मी पळायचो
पण त्या दिवशी पळालो नाही.

"किती वाजता निघाचं?" तिनं विचारलं,
रस्त्याकडं बघत.