पाळीपत्रक, निझवा

सहा विद्यापीठांचं मिळून एक यंत्र,
आणि त्याची रांग लावणारी मी.
पगाराच्या कागदावर 'समन्वयक' लिहितात.
पांझरेकाठी आमच्याकडे याला पाटकरी म्हणत:
खांद्यावर फावडं, दार उघडायचं, दार लावायचं,
आणि दोन्ही बांधांवरच्या शिव्या खायच्या.

यंत्र गावाबाहेर, खजुरांच्या मागे, पांढऱ्या इमारतीत.
आत अठरा अंश, बारमाही स्वेटर.
बाहेर पंचेचाळीस; दाराच्या कडीला हात लावण्याआधी
ओढणी गुंडाळून घेते बोटांना.

सोहारला कळायला हवं समुद्र तांबडा कधी होणार,
मनामाला प्रवाळ, दोह्याला वायू, कुवेतला धूळ,
अल ऐनला खजुराच्या किडीची कुंडली.
आणि आमच्या निझवाला
काय हवंय ते अजून ठरायचंय;
तरी वाटा हवाच.

बैठकीला सामाईक वार चारच.
एकाचा शुक्रवार सुटीचा, दुसऱ्याचा रविवार,
आमचं घड्याळ कुवेतच्या तासभर पुढे.
करार लिहायला सात महिने लागले:
'मालकी' या शब्दावर तीन, 'वापर'वर दोन,
उरलेले दोन, आधी सही कुणाची यावर.

रात्रीचा पहारेकरी खल्फान.
त्याचे वडील फलजचे अरीफ,
डोंगरातून येणारं पाणी बागांना वाटून द्यायचे.
माप एक अथर, म्हणजे अर्धा तास;
दिवसा काठीच्या सावलीवर,
रात्री कुठला तारा कुठल्या भिंतीवर आला त्यावर.
मी त्याला फडाचं सांगितलं, पाटाचं, बाऱ्याचं.
तो म्हणाला, मग तुला हे काम कुणी शिकवायला नको.
शिकवायला हवं होतं.

मार्चातली रात्र, दीड वाजलेला.
कुवेतहून डॉक्टर दलाल: वादळ उठलंय,
उद्या दुपारपर्यंत पोचेल, सगळं यंत्र हवं, आत्ता.
मी करार काढला. कलम चार, पोटकलम ग:
'तातडी म्हणजे काय, हे नंतर ठरवण्यात येईल.'

यंत्रावर सोहारची बुथैना होती.
पीएचडीचं चौथं वर्ष,
एकोणीस दिवस चाललेलं तिचं गणित,
शेवटचं जतन केलेलं सहा दिवसांपूर्वी.
फोन तिसऱ्या खेपेला उचलला तिने.
मागे कुठेतरी कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं.
सहा दिवस वाया जातील, मी म्हटलं.
माहीत आहे, म्हणाली. मशीनचा आवाज थांबला.
"थांबव. पण लिहून ठेव. उसने."

मी आज्ञा टंकली.
पंख्यांचा सूर खाली आला,
क्षणभर खोलीत नुसती खोली राहिली,
मग पुन्हा चढला, कुवेतचा होऊन.

वादळ वाटेतच वळलं,
समुद्रावर जाऊन बसलं.
कुवेतला नुसतं पिवळं आभाळ.
दलालबाईंनी आनंदाने कळवलं:
वळेल, असंच यंत्र म्हणालं होतं.

उसन्याला रकानाच नाही आमच्या प्रणालीत.
बाजारातून वही आणली, हिरव्या पुठ्ठ्याची.
आणि पहिल्याच ओळीवर अडले.
कुवेतने घेतले अकरा तास.
बुथैनाचे गेले सहा दिवस.
उसनं कुठलं धरायचं?

खल्फानला विचारलं.
तो बराच वेळ चहात साखर ढवळत बसला.
पाणी किती नेलं ते बाबा लिहायचे, म्हणाला,
बाग किती सुकली ते लिहिताना
मी तरी पाहिलं नाही.
मग म्हणाला, पण ते रोज बागेतून जायचे.

दोन्ही आकडे लिहिले मी, शेजारी शेजारी,
मधे रेघ न मारता, आणि वहीचं पान
फोटो काढून दोघींना पाठवलं.
कुवेतकडून आजवर चाळीस तास आलेत.
का चाळीस, ते कुणी विचारलं नाही.
बुथैना आता दर तासाला जतन करते.

आज सकाळी दोह्याचा फोन होता.
इकडचं तिकडचं झाल्यावर, जरा दबक्या आवाजात:
तुमच्याकडे म्हणे उसनं मिळतं?