नव्याण्णव

बार्न्सलीच्या इस्पितळात, जानेवारीतल्या एका रात्री,
डोरीन हॅदर्सेज तिसऱ्यांदा आली.
डोकं दुखतंय, म्हणाली,
उभी राहिले की जमीन जरा डाव्या अंगाला सरकते.
बोटाला चिमटा लावला.
नव्याण्णव, म्हणालं यंत्र
हिरव्या आकड्यांत, छाती ठोकून.

आधीच्या दोन्ही कागदांवर तेच.
व्हायरल असेल. पाणी भरपूर प्या.
घरी ऊबेत पडून राहा.

घरी. ऊबेत.

मी तिचा कोट खुंटीला लावत होते.
"गंमत बघ, पोरी," ती म्हणाली,
"बसस्टॉपवर आलं की निम्मं डोकं उतरतं.
तुमच्या बाकावर दोन तास बसलं की उरलेलं.
घरी गेलं की पुन्हा आहेच."
एकटेपणा, म्हणाले सगळे.
म्हातारी माणसांत बसायला येते.
मलाही तसंच वाटलं. खोटं कशाला बोलू?

नुसतं विचारायचं म्हणून विचारलं,
घरी आणखी कोणी आजारी?
"घरी मी आणि पर्सी.
पर्सी मंगळवारी गेला."
भाऊ का?
"बजी गं. निळा.
सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी, पाय वर.
त्याचंही वय झालं होतं."

माझ्या पाठीवरून काहीतरी थंड चालत गेलं.

या गावाच्या पोटात कोळसा होता.
डोरीनचा बाप त्यात उतरायचा,
कधीकधी हातात पिंजरा घेऊन.
पक्षी का नेतात, हे तिला माझ्याहून जास्त ठाऊक.
पण ते तिकडे, खाली.
बैठकीच्या खोलीत, टीव्हीशेजारी,
कोण असं पक्ष्याकडे बघतं?

त्याला रंग नाही.
घरात वास करतो आणि त्याला वास नाही.
रक्तात शिरतो,
एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकावा
तशी प्राणवायूची जागा धरतो
आणि मग उठत नाही,
म्हातारं माणूस समोर उभं असलं तरी.
चिमट्याला बापड्याला एवढंच दिसतं:
जागा भरल्यात.
कोण बसलंय, ते तो विचारत नाही.

मनगटातून रक्त काढलं.
सत्तावीस टक्के.
रजिस्ट्रारने कागद दोनदा वाचला, मग काही न बोलता
मास्क स्वतःच्या हाताने बांधला.

मिरजेला आमच्या गल्लीत म्हाळसाकाकू सुईण होती.
बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी ठेवायची,
आणि थंडी म्हणून कोणी दार लावलं की
उठून चार बोटं उघडायची.
कोळशालाही भूक असते गं, म्हणायची,
त्याला वारा दिला नाहीस
तर तो माणसाचा खातो.
पुढे कॉलेजात हेच फळ्यावर सूत्रात आलं.
मी उतरवून घेतलं. ओळखलं नाही.

धुराडं साफ केलं ते पुढच्या आठवड्यात.
आत जॅकडॉ पक्ष्याचं गेल्या वसंतातलं घरटं निघालं:
काटक्या, मेंढीची लोकर, चिप्सचं एक पाकीट.
एका पाखराचा संसार,
दुसऱ्याचा जीव.
"ज्योत पिवळी झाली होती खरी," डोरीन म्हणाली,
"पण मला आवडायची. जुन्या शेकोटीसारखी."

पण ते सगळं नंतर.
त्या रात्री मी खुर्ची ओढून बसले
आणि आकडे उतरताना बघितले.
सोळा. नऊ. पहाटे तीन.
तिला झोप लागली होती, मास्कच्या आत
काच धूसर व्हायची, स्वच्छ व्हायची, पुन्हा धूसर.

जाताना बोटाला चिमटा लावला.
नव्याण्णव, म्हणालं यंत्र,
तेच हिरवे आकडे, तीच छाती ठोकून.

आता खरं बोलत होतं.
तरी मी मनगट पुन्हा हातात घेतलं.