पासंग

आर्वो, तुझी ऑफर पोचली.
रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटं.
मी मेसाबा अव्हेन्यूच्या चढावर,
नांगराचं पातं वर उचलून
समोर घसरून आडवी झालेली बस
सरळ व्हायची वाट बघत होते.

तुझा व्हिटलो मला, माझा रेंको तुला.
टाइट एंडला टाइट एंड, वरून काही नाही.
उद्या दुपारी बाराच्या आत सांग,
आणि पुढे डोळा मारणारा तो पिवळा चेहरा.

व्हिटलो बावीसचा.
चौथ्या आठवड्यात दोन टचडाउन, अठ्ठावीस पॉइंट.
तो रविवार मी तुझ्याकडून एका पॉइंटाने हरले होते,
विसरलेले नाही.
त्यानंतर मात्र दोन, शून्य, साडेतीन.

रेंको चौतीसचा. डावा गुडघा दोनदा उघडलेला.
सात. नऊ. आठ. नऊ.
डेपोतल्या कॉफीसारखा :
कुणी वाहवा करत नाही, पण संपली की आरडाओरडा.

हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे खरं.
आणि भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो, हेही खरं.
दोन्ही म्हणी दोन पारड्यांत टाकून बघितल्या.
काटा हलला नाही.

मागच्या रविवारी एक गंमत केली.
सगळे चेंडूकडे बघतात ना,
मी चारही क्वार्टर फक्त रेंकोकडे बघत बसले.
तिसऱ्यात त्याने एक दीडशे किलोचा माणूस
छातीवर घेतला आणि धरून ठेवला,
चार सेकंद, पाच,
बाजूच्या फटीतून आपला धावणारा अकरा यार्ड निघून गेला.
लोक उठून उभे राहिले. त्या धावणाऱ्यासाठी.
रेंको गवतावरून एका हाताने उठला.
माझ्या फोनवर त्याच्या नावापुढे : शून्य.

आता यातून तात्पर्य काढू नकोस.
सकाळी सातला माझ्या रस्त्यावरून गाड्या सुसाट जातात,
त्यातल्या एकानेही कधी हॉर्न वाजवून आभार मानले नाहीत,
आणि मला पगार मिळतो, आभार नकोत.
लीग पॉइंटांची आहे.
पहिल्याला तीनशे डॉलर, आणि माझ्या गाडीचा गिअरबॉक्स
थँक्सगिव्हिंगपर्यंत तरी टिकेल का, देव जाणे.

पण तू का देतोयस?
हे मी चढावर बसल्या बसल्या शोधलं.
तुझा दुसरा टाइट एंड येत्या रविवारी सुट्टीवर आहे,
तुला एका आठवड्याचे नऊ पॉइंट हवेत.
नऊच. बरोबर नऊ.
म्हणजे माझ्या म्हाताऱ्याचा भाव तुलाही माहीत आहे.

तेव्हा ऐक.
व्हिटलो घेते. रेंको देते.
आणि पासंगाला तुझा स्नोब्लोअर, मार्चपर्यंत.
नियमात बसत नाही, ठाऊक आहे.
मिसेस ओडेगार्डला कळलं तर ती कमिशनरपदाची शपथ घेऊन ओरडेल.
तिला कळायचं कारण नाही.

नाही जमत म्हणालास
तर मला वाईट वाटणार नाही.
खरं सांगू, थोडं बरंच वाटेल.

बस सरळ झाली.
ड्रायव्हरने हात केला, पहिल्यांदाच कुणीतरी.
पातं खाली टाकते.