प्रश्न सतरावा

एका फॉर्मचे पंचेचाळीस रुपये. पेट्रोल आपलं.
सावद्याच्या ऑफिसात टॅब हातात देताना
भंगाळे सर म्हणाले,
"तडव्यांचे अकरा नग हवेत, शनिवारपर्यंत."
नग म्हणाले. केळीच्या खोक्यांना म्हणतात तसं.

पालच्या रस्त्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी
लिंबाखाली गाडी लावली
आणि पहिलं दार वाजवलं.

हुरमत तडवी. वय बेचाळीस.
बोटांवर केळीच्या चिकाचे डाग, साबणाला न जुमानणारे.
प्रश्न चौथा: आखातातल्या लढाईत
आपल्या देशानं कोणाची बाजू घ्यावी?
ती म्हणाली, "होळीच्या आंधी पॅकहाऊस एकोणीस दिवस बंद होतं.
खोके भरेल, कंटेनर बंदरावर उभे.
मालक म्हने, तिकडे समुद्राचा रस्ता अडवला."
मग शेळीला हाकलून परत आली.
"त्या खोक्यावर उलटं लिहेल राह्यते.
मशिदीतल्या पोराले दाखवलं,
तो म्हने, हे अरबी नाही, दुसरंच काही.
ज्याच्यासाठी भरलं तो मानूस जित्ता आहे का,
हे इचारलं आहे का तुमच्या यंत्रात?"

पर्याय चार होते.
मी पाचवा दाबला, तळाशी असतो तो:
सांगता येत नाही.

प्रश्न नववा: शेजाऱ्याशी कडक वागावं की बोलणी करावीत?
जुम्मा तडवीनं विचारलं, "कोनता? वरच्या अंगाचा का खालच्या?"
वरच्याशी मोरीच्या पाण्यावरून कोर्ट चालू आहे,
खालच्यानं पोरीच्या लग्नात मांडवाला बांबू दिले,
वीस बांबू, एकही परत मागितला नाही.
अहो, देश, मी म्हटलं. शेजारी देश.
तो हसला. "समजलं ना मले पहिलेच.
पन ज्याचं मले माहीत आहे त्याचंच सांगतो."

सायबू बाबांना विचारलं, सीमा सुरक्षित वाटते का?
ते मला घरामागं घेऊन गेले.
तुरीच्या मधोमध चुना फासलेला दगड, वनखात्याचा.
"तीन वेळा सरकला."
कोणत्या बाजूला, ते मी विचारलं नाही.
त्यांचं शेत पाहूनच कळत होतं.

सलीमाचा मुलगा सीमेवर आहे.
माझा प्रश्न संपायच्या आत ती म्हणायची, पूर्ण सहमत.
पूर्ण सहमत. पूर्ण सहमत.
चहा ओतता ओतता म्हणाली,
"दर रविवारी फोन येते. या रविवारी नाही आला."
तिचा फॉर्म सर्वात लवकर भरून झाला.

आणि मग सतरावा.
आपण स्वतःला सर्वप्रथम काय मानता?
आदिवासी. मुस्लिम. भारतीय.
टॅबवर चौकोन नव्हते, गोल होते.
चौकोनात दोन-तीन खुणा करता येतात,
गोलात एक ठिपका टाकला की
आधीचा आपोआप पुसला जातो.
जुम्माच्या पोरानं, इरफाननं, माझ्या हातातून टॅब घेतला,
तिन्ही गोल एकामागून एक दाबून पाहिले,
पुन्हा पाहिले, खेळण्यासारखे.
"ताई, तुमच्या गावात काय दाबलं लोकांनी?"

माझं गाव चिनावल. तिथले तीस फॉर्म मीच भरले होते,
काकांचा, मावशीचा, आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांचा.
त्या फॉर्मात सोळाच प्रश्न होते.

हे मी त्याला सांगितलं नाही.
"नेट गेलंय," म्हणाले.

महिन्याभरानं अहवाल आला, गुळगुळीत कागदावर.
तडवी समाज परराष्ट्र धोरणाबाबत उदासीन:
चौसष्ट टक्क्यांनी मत दिलं नाही.
अकरातले सात.
त्या सातातली चार मतं माझ्या अंगठ्याची.

खात्यावर चारशे पंच्याण्णव जमा झाले.
पाच रुपये कापले वाटतं, म्हणून भांडायला निघाले,
उंबऱ्यातच गुणाकार केला. हिशेब बरोबर होता.

मध्ये चार रविवार गेले.
सलीमाकडे फोन आला का,
ते विचारायला पंचेचाळीस रुपये कोणी देत नाही,
आणि मी अजून गेलेली नाही.