तीन दिवसांची साखर

जौऱ्याकडची मोहरी संपली
तशा रात्रीतून आणल्या बावीस पेट्या
तिघऱ्याच्या वाटेवर, बरसीमच्या कडेला.
प्रत्येक खड्ड्याला हरनारायण ट्रकवाल्याला म्हणायचा,
"धीरे भैया, भीतर रानियाँ हैं."

सकाळी एकवीस पेट्यांनी नवी जागा पाठ केली:
माश्या दाराकडे तोंड करून उलट्या उडत,
लहान गोल, मग मोठा,
मग लांब दिसणाऱ्या किल्ल्याच्या अंगाने एक वळसा.
चौदा नंबर मात्र कण्हत होती.
झाकण उचललं की कळतं. ती गुणगुण नसते.
घरातलं माणूस गेल्यावर
कुणी बंद करायचा विसरलेला पंखा
जसा चालू राहतो, तसं काहीतरी.

राणी सापडली दोन चौकटींमध्ये चिरडलेली.
तरीही आठ-दहा जणी तिच्याभोवती
डोकं आत करून उभ्या.

चौथ्या दिवशी त्यांनी आपलं आपण सुरू केलं होतं:
भुईमुगाच्या शेंगेसारखी, टोक खाली लोंबणारी
तीन राणीघरं.
मी ती अंगठ्याने मोडली.
वाईट वाटतं, पण मोडावी लागतात.

नवी आली झाशीच्या बसने,
हरनारायणच्या वरच्या खिशातून,
काडेपेटीएवढ्या जाळीत, चार सोबतिणींसकट,
पाठीवर नेलपॉलिशचा ठिपका.
जाळीचं तोंड मधात मळलेल्या पिठीसाखरेने बुजवलेलं.
ती चौकटींमध्ये अडकवायची आणि बाजूला व्हायचं.

आधी त्या जाळीला चावतात.
बोटाने सारल्या तरी सुटत नाहीत.
बाहेरून या साखर पोखरतात, आतून सोबतिणी,
आणि तेवढ्या वेळात परका वास
अंगवळणी पडला तर पडला.
नाही तर सगळ्या मिळून तिला कवेत घेतात
आणि नुसत्या अंगाच्या उबेने मारतात.

लष्करातल्या आमच्या दोन खोल्यांत,
मी आठ वर्षांचा असताना,
सागरहून एक बाई आली होती,
एक ट्रंक आणि वेगळ्याच तेलाचा वास घेऊन.
मी तिच्या हातचं जेवलो नाही.
ती काही बोलली नाही. माझ्या दप्तरावर
रोज गजकचा एक तुकडा ठेवायची,
तीळ सांडू नयेत म्हणून कागद दोनदा दुमडलेला.
मी तो गल्लीतल्या कुत्र्याला घालायचो.
तिसऱ्या दिवशी कुत्रं आलंच नाही.

आई मी तिला कधी म्हटलं नाही.
काकू नाही, मावशी नाही.
हाक मारायची वेळ आली की उठून
तिच्यासमोर जाऊन उभा राहायचो.
छत्तीस वर्षं असंच चाललं.
पोळी तव्यावर असली तरी ती मान वर करायची.

नवव्या दिवशी चौदा नंबर उघडली.
जाळी रिकामी. राणी कुठे दिसेना.
"ढूँढें?" हरनारायणने विचारलं.
नको म्हटलं. एक चौकट उन्हाकडे धरली.
एकेका घराच्या तळाशी
तांदळाच्या कणीहून बारीक एकेक अंडं,
उभं. म्हणजे आजचंच.
उद्या ते कलेल, परवा आडवं होईल.

झाकण हळू टेकवलं.
खडूने त्यावर तारीख घातली,
आणि पुढे काय लिहायचं तिथे
नेहमीसारखा अडलो.
"आहे", एवढंच लिहिलं.