छिट

छिट म्हणजे शिंतोडा.
डाळीचं भांडं हिंदकळलं की
शेजारच्याच्या धोतरावर उडतो तो.
खोतेजा बेवा अशाच एका डागात जन्मली, कुर्शाबाडीत:
चहूकडे आमची तंबाखू, आमचा ताग, आमची पोलीस चौकी
आणि मधोमध तिचं गाव, परक्या देशाचं.

म्हणतात, कोचबिहारचा राजा आणि रंगपूरचा फौजदार
सारीपाट मांडून बसत, आणि पणाला गावं.
दान पडे, सोंगटी मरे,
हुजऱ्या गावाचं नाव चिठ्ठीवर लिहून
पलीकडे सरकवी.
इतिहासाचे मास्तर हसतात.
दंतकथा रे उपेन, तहाचे कागद वाच.
वाचलेत. पंचवीस वर्षं दप्तरखान्यात दुसरं केलं काय?
वाळवीने चाळण केलेल्या तहापेक्षा
फासे मला जास्त पटतात.

तसं आमचं राज्य नीटनेटकं.
राजा कुणीही असो, नावाच्या शेवटी नारायण.
नाण्याचा साचा मोठा, चकती लहान,
त्यामुळे नारायणी रुपयावर राजाचं नाव
कधी पुरतं उमटलंच नाही,
कडेला अर्धं अक्षर लोंबायचं.
लाल विटांचा महाल, वर विलायती घुमट.
अठराशे सत्त्याण्णवच्या भूकंपात वरचा मजला खाली आला
तो पुन्हा कुणी चढवला नाही.
मग एका डिसेंबरात राजधानी म्हणून निजलेलं शहर
एक जानेवारीला जिल्ह्याचं ठाणं होऊन उठलं.
आजोबा सांगायचे, त्या सकाळी सागरदिघीवर
बदकं नेहमीइतकीच होती.
मोजायला मुद्दाम गेले होते.

खोतेजा माझ्या टेबलाशी आली
गावांची अदलाबदल झाल्यावर तीन आठवड्यांनी.
मध्यरात्री अडुसष्ट मेणबत्त्या लावल्या होत्या त्यांनी.
तिच्या पदरावर मेणाचा ठिपका होता,
नखाने खरवडत बसली होती.
नाव? खोतेजा बेवा.
वय? पुराच्या आधीचं.
नवऱ्याचं नाव?
"कुठल्या? मेलेल्या, की कागदावरच्या?"

मग सांगितलं तिने, हाटातला भाव सांगावा तसं.
दिनहाट्याच्या इस्पितळात परदेशी बाईला खाट नाही.
म्हणून कळा सुरू झाल्या तेव्हा
शेजारगावच्या आब्बास पाइकाराचं नाव
दोन मण भातावर उसनं घेतलं.
तिचा सोलेमान रात्रभर बाहेर
बांबूच्या बेटात बसून.
पोरगा झाला, रडलेला त्याला तिथवर ऐकू आला.
दाखल्यावर बाप आब्बास.
पुढे सोलेमानला पान लागलं, गेला.
आब्बास ठणठणीत आहे.
दर सुगीला येतो, अंगणात उभा राहून
भाताची चौकशी करतो.

"मग बाई, तू बेवा कशी?"
फॉर्ममध्ये एकच रकाना होता.

ती हसली. पुढचे दोन दात नव्हते.
"तूच सांग बाबा. मला पणाला लावणारा राजा तुमचा."

मी लिहिलं. काय लिहिलं ते दप्तरात आहे,
वाळवी वाचेल.

तिची बस संध्याकाळची. तोवर राजवाडा बघायचा म्हणाली,
राजधानी आपली, पण चोरून यायला भीती वाटायची.
तिकीट मी काढलं.
तलवारी बघितल्या नाहीत तिने, तसबिरीही नाहीत.
थेट पहारेकऱ्यापुढे जाऊन उभी:
"फासे कुठे ठेवलेत?"

फासे नव्हते. बिलियर्डचं टेबल होतं,
त्यावर जुनाट हिरवं कापड.
बांधावरून शेत न्याहाळावं तशी
ती वाकून बघत राहिली.
"आमचं छिट याहून फार मोठं नाही," म्हणाली,
आणि कोपऱ्यातल्या भोकात बोट घातलं.
पहारेकरी ओरडला.
तिने बोट काढलं, माझ्याकडे वळली.
"इथे पडलेला चेंडू
कुणाचा होतो?"